तुरुंगातला झाडू कोणाच्या हाती? रत्नागिरी १९३२ ते दिल्ली २०२४

१.
१९३२ साल संपत आले होते. रत्नागिरीच्या तुरुंगात सविनय कायदेभंगासाठी शिक्षा भोगणाऱ्या एका उच्चशिक्षित ब्राह्मण कैद्याने अधिकाऱ्यांकडे एक मागणी केली: मला संडास साफ करण्याचे काम द्या. अधिकाऱ्यांनी नकार दिला. कारण नियमात होते. हे काम कोणत्या जातीच्या कैद्याने करायचे, हे आधीच ठरलेले होते.

या नकारातून उपोषण उभे राहिले आणि त्याचे पडसाद येरवड्यापर्यंत पोहोचले. त्यामागचा प्रश्न मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या दारी निकाली निघायला २०२४ साल उजाडले. आजचा हा धागा त्या ब्याण्णव वर्षांचा.

२.
त्या कैद्याचे नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे आप्पासाहेब पटवर्धन. जन्म १८९४. ‘कोकणचे गांधी’ ही त्यांची ओळख. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनीच केला. आज सिंधुदुर्ग म्हणून ओळखला जाणारा मुलूख त्यांची कर्मभूमी. तेव्हा हा जिल्हा अस्तित्वात नव्हता; मालवण, वेंगुर्ले, देवगड हे सारे रत्नागिरी जिल्ह्यात मोडत आणि सावंतवाडी हे वेगळे संस्थान होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली.

३.
मे १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. शिरोड्याची मिठागरे प्रसिद्ध होती, आणि वि. स. खांडेकर त्या काळात याच गावच्या शाळेत शिक्षक होते. आप्पासाहेब या सत्याग्रहाच्या प्रमुखांपैकी एक. मिठाचा कायदा मोडणाऱ्यांसाठी तुरुंगाची वाट ठरलेलीच होती. १९३२ मध्ये कायदेभंगाचे दुसरे पर्व सुरू झाले, तेव्हा आप्पासाहेब पुन्हा गजाआड गेले.

४.
पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेऊ. तुरुंगातले आयुष्य न्यायाधीशाच्या निकालपत्राने ठरत नाही. निकालपत्रात एवढेच असते: अमुक महिने, साधी कैद किंवा सक्तमजुरी. कैद्याने कोणते काम करायचे, कोणाच्या हातचे जेवायचे, कोणत्या बराकीत झोपायचे, पत्र किती दिवसांनी लिहायचे, हे सारे ठरवतो तुरुंगाचा नियमग्रंथ, ज्याला जेल मॅन्युअल म्हणतात. बाहेरच्या माणसाने तो सहसा पाहिलेलाही नसतो.

५.
या नियमग्रंथांचे मूळ १८९४ च्या तुरुंग कायद्यात आहे. सक्तमजुरीच्या कैद्याकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, अशी मर्यादा त्या कायद्याने घातली. काम टाळणाऱ्या, हुकूम मोडणाऱ्या कैद्याला कोणती शिक्षा करायची तेही सांगितले. बाकीचा तपशील मात्र कलम ५९ अन्वये सरकारने करावयाच्या नियमांवर सोडला.

पुढे प्रांतोप्रांती जाडजूड नियमग्रंथ तयार झाले. जात कायद्याच्या मजकुरातून आली नाही. ती या नियमांच्या वाटेने तुरुंगात शिरली.

६.
ती शिरली कशी? १८३८ साली तुरुंगशिस्तीसाठी नेमलेल्या समितीचा अहवाल आला. मेकॉले हा तिचा एक सदस्य. त्यानंतर सरकारला तुरुंग एकसारखे, शिस्तबद्ध आणि कमी खर्चाचे करायचे होते. कैद्यांनी आपापला शिधा शिजवण्याऐवजी सर्वांचे जेवण एका ठिकाणी शिजावे, हा त्याचाच एक भाग होता. कैद्यांच्या दृष्टीने तो जात बाटवण्याचा प्रकार होता. यावरून ठिकठिकाणच्या तुरुंगांत दंगे उसळले. १८५५ मध्ये बिहारमधील आरा आणि मुझफ्फरपूर येथे कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीची भांडी दिली, तेव्हा शहरातले लोकसुद्धा कैद्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले.

७.
दोनच वर्षांनी १८५७ चा उठाव झाला. त्यानंतर धर्म आणि जातीच्या व्यवहारात हात घालायला राज्यकर्ते कचरू लागले. तुरुंगात त्याचा अर्थ असा झाला की स्वयंपाकी ‘योग्य’ जातीचा असावा आणि सफाई करणारा ती कामे ‘परंपरेने’ करणाऱ्या जातीचा असावा.

याला धार्मिक भावनांचा आदर असे नाव मिळाले. पण हा आदर वाटला गेला तो एकाच दिशेने. वरच्या जातीच्या कैद्याला विटाळापासून संरक्षण मिळाले. खालच्या मानल्या गेलेल्या कैद्याला मात्र, ज्या कामातून बाहेरच्या जगात सुटका नव्हती तेच काम आत सरकारी हुकुमाने मिळाले.

८.
या नियमांची भाषा कशी असते, याचा एक नमुना पाहा. पश्चिम बंगालच्या नियमग्रंथात अगदी अलीकडेपर्यंत असे होते की सफाई कामगार मेथर किंवा हाडी जातीतून निवडावेत. चांडाळ वा इतर जातींतूनही निवडता येतील, पण त्या जातीचे लोक तुरुंगाबाहेर असताना जिल्ह्याच्या प्रथेनुसार तसलेच काम करत असतील तरच.

‘जिल्ह्याच्या प्रथेनुसार’ हे शब्द महत्त्वाचे. गावाने जे लादले, त्यावर सरकारने इथे शिक्का मारला. प्रथा मोडणे अवघड असते खरे, पण निदान ती सैल पडू शकते. ती छापील नियमात गेली की तिच्यामागे दंडुका उभा राहतो.

९.
हे काम प्रत्यक्षात काय होते, तेही सांगायला हवे. आजच्यासारखे पाण्याचे संडास तेव्हा तुरुंगांत नव्हते. संध्याकाळी बराकी कुलूपबंद होत आणि रात्रीच्या विधींसाठी आत भांडी ठेवलेली असत. सकाळी ती उचलायची, मैला वाहून न्यायचा, खड्ड्यात पुरायचा, भांडी धुवायची. कोंदट बराकीतला तो वास आणि हातापायांना लागणारी घाण, हे रोजचे. शेकडो माणसांचे हे काम मूठभर कैद्यांच्या अंगावर पडे, आणि हे मूठभर कोण, ते त्यांच्या गुन्ह्यावरून ठरत नसे.

१०.
आप्पासाहेबांना नेमके हेच सलत होते. आश्रमात गांधीजींनी मैलासफाई सर्वांचे काम केले होते. तिथे प्राध्यापकही टोपली उचलत. (त्या काळचा रूढ शब्द ‘भंगीकाम’ होता. एका जातीला कामाचे नाव चिकटवणारा तो शब्द आज आपण टाळतो.) जे काम आश्रमात रोज केले, ते तुरुंगात दुसऱ्याकडून केवळ त्याच्या जन्मामुळे करून घेतले जात आहे, आणि आपण त्या सोयीचे लाभार्थी आहोत, हे त्यांना सहन होईना. म्हणून त्यांनी ते काम मागितले. नकार मिळाल्यावर अन्न कमी करून त्यांनी निषेध सुरू केला.

११.
इथे नियमाची गंमत पाहा. नेमून दिलेले काम नाकारले तर तो तुरुंगाचा अपराध आणि त्याला शिक्षा. आप्पासाहेब काम नाकारत नव्हते. उलट ज्या कामाला कोणी हात लावत नसे तेच मागत होते. तरीही ते शिस्तीत बसत नव्हते. म्हणजे या नियमाला निव्वळ कामाशी कर्तव्य नव्हते. कोणते हात कोणत्या कामाचे, ही वाटणी त्याला सांभाळायची होती.

१२.
आता येरवड्याकडे वळू. गांधीजी जानेवारी १९३२ पासून तिथे कैदेत होते, तेही खटल्याशिवाय. त्यांना अटक झाली होती ती मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या २५ व्या रेग्युलेशनखाली. १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना विनाचौकशी डांबले गेले, तेही याच रेग्युलेशनखाली. कंपनी सरकारच्या काळचा नियम शतकानंतरही असा उपयोगी पडत होता.

सप्टेंबरमध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर गांधीजींनी उपोषण केले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्यानंतर अस्पृश्यतेच्या प्रश्नावर तुरुंगातूनच पत्रव्यवहार करण्याची आणि भेटी घेण्याची मोकळीक सरकारने त्यांना दिली.

१३.
रत्नागिरीची हकिगत त्यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी तुरुंगखात्याच्या वरिष्ठांशी पत्रव्यवहार केला. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तेव्हा ३ डिसेंबर १९३२ रोजी आप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी त्यांनी उपोषण सुरू केले. सप्टेंबरच्या उपोषणाने खालावलेली प्रकृती पुरती सावरलेलीही नव्हती. पुणे कराराच्या वेळी देश हादरला होता; आता पुन्हा तसाच प्रसंग ओढवणे सरकारला परवडणारे नव्हते.

या प्रश्नाचा विचार होईल असे आश्वासन मिळाले आणि दोन दिवसांत उपोषण सुटले. पुढे स्वेच्छेने हे काम मागणाऱ्या सवर्ण कैद्यांना ते करू देण्याची मुभा मिळाली.

१४.
ही कथा सहसा इथे संपवली जाते: सत्याग्रही जिंकला, नियम वाकला. परंतु मिळाले काय, हे नीट वाचले पाहिजे.

मिळाली ती *मागण्याची* मुभा. ज्याच्यावर हे काम जन्माने लादलेले होते, त्या कैद्याला ते *नाकारण्याची* मुभा मिळाली नाही. आप्पासाहेब टोपली उचलू शकत होते, कारण त्यांनी तसे ठरवले. शेजारच्या बराकीतला दलित कैदी ती उचलत होता, कारण त्याच्याविषयी दुसऱ्या कोणी तरी ठरवले होते. मुभेने पहिल्याचे मन मोकळे केले. दुसऱ्याच्या डोक्यावरची टोपली तशीच राहिली.

१५.
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा गांधीविचारावर आक्षेप होता तो नेमका या जागी. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी या विचारसरणीचा समाचार घेतला. सफाईच्या कामाला पवित्र सेवा म्हणणे सोपे आहे. पण ज्याला त्यातून बाहेर पडायचा मार्ग नाही, त्याला त्या कामाची थोरवी सांगणे म्हणजे त्याला तिथेच बसवून ठेवणे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

आप्पासाहेबांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी स्वतःच्या जातीचा विशेषाधिकार झिडकारला, आणि तोही तुरुंगात, पोटाला चिमटा घेऊन. तरीही एकाने विशेषाधिकार सोडणे आणि सर्वांना हक्क मिळणे यांत अंतर असते, आणि ते अंतर नियम बदलूनच पार करावे लागते.

१६.
त्याच काळात तुरुंगातली दुसरी एक वर्गवारी घडत होती. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांनी राजकीय कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी म्हणून उपोषण केले आणि ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबरला, देह ठेवला. देशभर संताप उसळला. त्यानंतर सरकारने कैद्यांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडले. निकष होते सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीमान.

म्हणजे माणुसकीची मागणी झाली आणि उत्तरादाखल सरकारने आणखी एक उतरंड दिली. शेतकरी, मजूर, मच्छीमार सत्याग्रही बहुतेक ‘क’ वर्गातच राहिले.

१७.
कैद्याला सुधारून समाजात परत पाठवणे हे तुरुंगाचे ध्येय असावे, असे १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने स्पष्ट म्हटले होते. अलेक्झांडर कार्ड्यू हे तिचे अध्यक्ष. पण सुधारणा म्हणजे माणसाला नव्या कामाची, नव्या ओळखीची संधी. ज्या नियमग्रंथात कैद्याचे काम त्याच्या आजोबाच्या कामावरून ठरते, त्यात सुधारणेला जागा उरते कुठे?

१८.
आप्पासाहेब सुटले आणि पुढची जवळजवळ चार दशके त्यांनी याच प्रश्नाला दिली. ५ मे १९४८ रोजी कणकवलीजवळ गडनदीच्या काठी त्यांनी गोपुरी आश्रम उभारला. हीच गडनदी पुढे मसुऱ्यावरून मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीला मिळते. गोपुरीत मेलेल्या जनावरांची कातडी सोडवण्याचे आणि कमावण्याचे काम सवर्णांनीही केले. मैल्याला हात न लावता त्याचे सोनखत व्हावे, अशा संडासांचे प्रयोग झाले.

१९.
या प्रयोगांत १९३२ च्या पुढे टाकलेले एक पाऊल दिसते. तुरुंगात त्यांचा आग्रह होता की हे काम मीही करीन. गोपुरीत ते असा संडास शोधत होते की जिथे हे काम कोणालाच करावे लागू नये. पहिल्यात प्रायश्चित्ताची भावना होती. दुसऱ्यात प्रश्न मुळापासून सोडवण्याची खटपट होती. १० मार्च १९७१ रोजी ते निवर्तले. गोपुरी आजही कणकवलीत आहे.

२०.
मधल्या काळात देशाचा कायदा बदलला. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, अनुच्छेद २३ ने वेठबिगारी व सक्तीच्या श्रमाला मनाई केली. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ मध्ये कायदे झाले. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

तुरुंगाच्या भिंतीबाहेर एवढे सगळे घडले. भिंतीच्या आत नियमग्रंथ तसाच राहिला. तुरुंग हा विषय राज्यांचा. अनेक राज्यांनी जुने नियम थोडेफार डागडुजी करून पुढे चालवले.

२१.
उत्तर प्रदेशच्या नियमांत अशी तरतूद होती की साध्या कैदेच्या कैद्याला हलक्या किंवा मानहानीकारक स्वरूपाचे काम सांगू नये, अपवाद फक्त तसली कामे करायची सवय असलेल्या वर्गाच्या वा समाजाच्या कैद्याचा. पश्चिम बंगालच्या नियमांत ‘योग्य जातीच्या’ कैदी स्वयंपाक्यांचा उल्लेख होता. काही राज्यांच्या नियमांत विमुक्त आणि भटक्या जमातींच्या माणसांना सराईत गुन्हेगार मानण्याची वृत्ती शिल्लक होती. १८७१ चा कायदा गेला, त्याची सावली राहिली.

२२.
पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये देशभरच्या तुरुंगांतील या जातीय वाटणीवर शोधवृत्त लिहिले. त्याची दखल घेऊन राजस्थानने आपले नियम बदलले. पुढे त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने निकाल दिला: जातीवरून काम वाटणाऱ्या तुरुंगनियमांच्या तरतुदी घटनाबाह्य आहेत.

२३.
न्यायालयाने राज्यांना तीन महिन्यांत नियम दुरुस्त करण्यास सांगितले. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तुरुंग पाहणी मंडळ यांनी नियमित पाहणी करावी, असेही बजावले. एखादे काम ‘हलके’ किंवा ‘मानहानीकारक’ मानणे आणि ते ठरावीक समाजाकडे सोपवणे, हाच जातिव्यवस्थेचा आणि अस्पृश्यतेचा एक पैलू आहे, हा या निकालाचा गाभा. त्यानंतर केंद्राने आपल्या आदर्श तुरुंग नियमावलीतही दुरुस्ती केली.

२४.
१९३२ आणि २०२४ शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. १९३२ मध्ये प्रश्न असा मांडला गेला: ब्राह्मणाला हे काम करता येईल का? २०२४ मध्ये तो असा मांडला गेला: कोणावरही जन्मामुळे हे काम लादता येईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन दिवसांच्या उपोषणाने मिळाले, कारण तो विचारणाऱ्यांकडे देशाचे लक्ष होते. दुसऱ्याला ब्याण्णव वर्षे लागली. ज्यांनी तो विचारायला हवा होता त्यांची नावे कोणत्याच इतिहासात नोंदलेली नाहीत. तुरुंगाच्या नोंदवहीत ती असतीलच, जातीच्या रकान्यासह.

२५.
शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. निकालाने नियम बदलतो. सवय बदलायला पाहणी लागते. एखाद्या तुरुंगात आज सकाळी झाडू कोणाच्या हाती दिला गेला, हे दिल्लीत बसून कळत नाही. ते कळण्याचा मार्ग जिल्ह्याजिल्ह्यातून जातो: विधी सेवा प्राधिकरणाच्या भेटी, पाहणी मंडळाचे शेरे, स्थानिक वकील, स्थानिक वार्ताहर. आपल्या जिल्ह्यातही ही यंत्रणा आहे, आणि तिला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

कणकवलीहून जाताना गोपुरीची पाटी दिसली तर थोडे थांबा. तुरुंगात टोपली मागणाऱ्या माणसाची ती जागा आहे. त्याने जे मागितले ते त्याला मिळाले. त्याच्या शेजारच्या बराकीतल्या माणसाला आता कागदावर न्याय मिळाला आहे. तो बराकीपर्यंत पोहोचला का, हे पाहणे आपल्याकडे आहे.

(धागा समाप्त)